‘तुला नेमकं काय कळत नाहीये?’ असं विचारणाऱ्या बाईंना

तीर्थस्वरूप बाईंना साष्टांग नमस्कार.

प्रबंधाच्या ऋणनिर्देशात तुमचं नाव पाहून तुम्ही फोनवर म्हणालात, “कशाला घातलंस?” म्हणून हे पत्र सगळ्यांदेखत लिहिते आहे. त्या पानावर जे मावलं नाही, ते इथे लिहिते.

डॉक्टरेटसाठी जर्मनीला जायचं मनात होतं, तेव्हा चाळीसच्या वर प्राध्यापकांना मी एकच मजकूर पाठवला होता. दोन उत्तरं आली, दोन्ही नकाराची. तो मजकूर घेऊन एरंडवण्यातल्या तुमच्या घरी आले. तुम्ही चष्मा पुसून पान दोनदा वाचलंत आणि म्हणालात, “यात तू किती हुशार आहेस ते आहे. तुला नेमकं काय कळत नाहीये, ते कुठे आहे?”

त्या रात्री झोप लागली नाही. पहाटे आत्याची विहीर आठवली. जेजुरीच्या खालच्या अंगाला, कऱ्हेकाठी. एप्रिलात शेजारच्या विहिरींचा तळ दिसायला लागतो, पण आत्याच्या विहिरीला पाणी असतं. घरात कोणी म्हणतं देवाची कृपा, कोणी म्हणतं नाझरे धरणाचं पाणी झिरपतं. खरं काय, ते कोणालाच माहीत नव्हतं. मलाही नाही, आणि मी भूशास्त्रात एम.एस्सी. झालेली.

त्यातून एक पानाचा संशोधन आराखडा झाला. त्याचे तुम्ही अकरा खर्डे तपासलेत, शिसपेन्सिलीने. समासात सारखं एकच वाक्य असायचं: “बघितलंस की ऐकलंस?” ऐकीव वाक्यं गळत गेली. बाराव्या खर्ड्यावर काहीच खूण नव्हती. तो मी फक्त सहा जणांना पाठवला, प्रत्येकाचे दोन-तीन शोधनिबंध नीट वाचून. तिघांनी उत्तर दिलं, आणि त्यातल्या एका सरांकडे जर्मनीतल्या गटिंगेन विद्यापीठात जागा मिळाली.

बाबा प्लॉट विकायला निघाले होते, तेव्हा तुम्ही स्वतः घरी आलात. जर्मनीत सहसा आधी मार्गदर्शक मिळवायचा असतो आणि विद्यापीठाची नोंदणी त्यानंतर होते. गटिंगेनसारख्या सरकारी विद्यापीठात डॉक्टरेटला शिकवणी फी नसते, दर सत्राला थोडी वर्गणी भरावी लागते. आणि पुष्कळ संशोधकांना प्रकल्पावर पगारी नेमणूक मिळते, हे सगळं तुम्ही चहा गार होईपर्यंत समजावलंत. प्लॉट वाचला. रानडे इन्स्टिट्यूटमध्ये जर्मनच्या वर्गाला जा, असंही बजावलंत. गटिंगेनच्या प्रयोगशाळेत इंग्रजीवर निभावलं, पण घरमालकीणबाईंशी बोलताना तो वर्गच कामी आला.

आता २०२२ सालच्या मे महिन्याबद्दल. हे मी आजवर कोणालाच सांगितलेलं नाही.

पाण्याच्या रेणूतला ऑक्सिजन थोडा हलका किंवा थोडा जड असतो. ऊन लागलं की हलकं पाणी आधी उडून जातं आणि जड मागे राहतं. त्यामुळे धरणात तापलेलं पाणी कोणतं आणि पावसाचं मुरलेलं कोणतं, हे मोजून सांगता येतं. त्यासाठी बाटली काठोकाठ भरायची, आत बुडबुडाही राहू द्यायचा नाही आणि झाकण घट्ट आवळायचं. मी बाटल्या भरल्या. झाकणं मात्र नीट आवळली गेली नाहीत, आणि नमुने महिनाभर पुण्यात एका तापलेल्या खोलीत राहिले. गटिंगेनला मोजले तर सगळ्या विहिरींत धरणाचंच पाणी! दोन दिवस मी आनंदात होते. तिसऱ्या दिवशी एक बाटली उजेडात धरली. गळ्याशी नखभर जागा रिकामी होती. पाणी धरणात उडालं नव्हतं, माझ्या बाटलीत उडालं होतं.

रात्री तुम्हाला फोन लावला. गप्प बसावं असं मनात होतं, तेही सांगून टाकलं. तुम्ही रागावला नाहीत. म्हणालात, “मे महिना पुढच्या वर्षीही येणार आहे, विहिरी कुठे जात नाहीत. उद्या सकाळी सरांना सगळं सांग.” सांगितलं. सरांनी दुसऱ्या वर्षीच्या नमुन्यांची सोय केली. एक वर्ष गेलं, पण प्रबंध खरा राहिला.

पुढच्या नमुन्यांत उलटंच निघालं: आत्याच्या विहिरीत पाणी पावसाचं. दोन लाव्हाथरांमधल्या लाल मातीच्या पट्ट्यावर ते अडून राहतं. सरांचा अंदाज धरणाच्या बाजूने होता, त्यामुळे मी बिचकत होते. तेव्हा तुम्ही इरावतीबाई कर्व्यांची आठवण काढलीत. त्या १९२८ साली बर्लिनला गेल्या, कवट्यांची मोजमापं घेतली, आणि गुरूंचा वंशश्रेष्ठत्वाचा सिद्धान्त त्या आकड्यांत बसेना, तेव्हा तसं लिहूनच १९३० मध्ये डॉक्टरेट मिळवली. माझ्या सरांशी तर वाद असा झालाच नाही. त्यांनी आलेख पाहिला आणि स्वतःचं वाक्य खोडलं.

तोंडी परीक्षेनंतर सहकाऱ्यांनी डोक्यावर पुठ्ठ्याची टोपी चढवली. तिच्यावर एक छोटी बाटली चिकटवलेली होती, काठोकाठ भरलेली. गटिंगेनच्या रिवाजाप्रमाणे चौकातल्या कारंज्यावर चढून बदकवाल्या मुलीच्या पुतळ्याला फुलं वाहिली, तिच्या गालाचा मुका घेतला. व्हिडिओ कॉलवर तुम्ही “सावकाश उतर गं” एवढंच म्हणालात, आणि मला रडू आवरेना.

बाई, तुम्ही माझ्याकडून एक रुपया घेतला नाहीत. पेढेसुद्धा परत पाठवलेत, साखर वाढते म्हणून.

ज्या विहिरींचं पाणी मी नेलं, त्यांच्या मालकांसाठी मराठीत एक पान लिहिलं आहे. कोणाच्या विहिरीत काय सापडलं आणि नवी बोअर कुठे घेऊ नये, एवढंच. रविवारी ते घेऊन येते. तुम्ही तपासून दिलंत की आत्याकडे जाऊन वाटायचं आहे.

तुमची विद्यार्थिनी,
पुणे