वाचन केवळ भाषेच्या तासिकेपुरते नको

महोदय,

मुलांना वाचता येत नाही, अशी तक्रार झाली की बोट भाषेच्या शिक्षकाकडे वळते. अनेक वर्षे विज्ञान शिकवल्यावर मला हे अन्यायाचे वाटते, कारण गोष्ट सहज वाचणारे मूल गणिताच्या किंवा विज्ञानाच्या पानावर अडखळते ते अक्षरांमुळे नव्हे, तर त्या विषयाची वाक्ये कशी वाचायची हे त्याला कोणी दाखवलेलेच नसते म्हणून. ‘मीनाकडे 12 पेन्सिली आहेत; त्या रवीच्या पेन्सिलींपेक्षा 5 ने जास्त आहेत; तर रवीकडे किती?’ या उदाहरणात ‘जास्त’ शब्द दिसताच कित्येक मुले 17 उत्तर देतात. बेरीज बरोबर असते, वाचन चुकलेले असते. विज्ञानात तर ओळखीचाच शब्द दगा देतो: ओझे घेऊन स्तब्ध उभ्या असलेल्या माणसाने त्या ओझ्यावर काहीच ‘कार्य’ केलेले नाही (विज्ञानात बल लावून वस्तू सरकली तरच कार्य होते), हे मुलाला खोटेच वाटणार.

म्हणून प्रत्येक विषयाच्या पाठ टाचणात वाचनाला जागा हवी. धडा परिच्छेदांत वाटून एकेकाकडून प्रकट वाचन करून घेणे म्हणजे ती जागा नव्हे. (त्यात प्रत्येक मूल आपला परिच्छेद कोणता हे मोजत बसते आणि बाकीचे कानाआड करते.) त्याऐवजी दहा-बारा ओळींचा उतारा निवडावा आणि वाचनाआधी प्रश्न जागा करावा. बाष्पीभवनाच्या धड्यापूर्वी मुलांच्या हाताला ओला कापूस लावून गार का वाटले एवढेच विचारले, तर उत्तर शोधण्यासाठी ती स्वतःहून मूकवाचन करतात आणि ‘त्यामुळे’, ‘परंतु’ अशा शब्दांपाशी थांबतात. इतिहासात हाच प्रश्न मजकूर कोणी व कोणासाठी लिहिला, असा असू शकेल.

पूर्वज्ञानाची ही तयारी वरवरची नाही. रेख्ट आणि लेस्ली यांच्या 1988 मधील अमेरिकेतील अभ्यासात, वाचनात कच्च्या पण बेसबॉलची चांगली माहिती असलेल्या मुलांना त्या खेळावरचा उतारा, वाचनात तरबेज पण खेळाची फारशी माहिती नसलेल्या मुलांपेक्षा अधिक समजला होता.

यात अभ्यासक्रम मागे पडेल, असा आक्षेप सहकारी घेतात. आठवड्यातून एका तासिकेतील पंधरा मिनिटे एवढीच माझी मागणी आहे. परीक्षेपूर्वी तोच धडा पुन्हा समजावून सांगण्यात याहून अधिक वेळ जातो.

आपली विश्वासू,
एक विज्ञान शिक्षिका