शकूस पत्र: दोन रकान्यांत न मावलेले भांडण

नागपूर,
२९ डिसेंबर २०२४

प्रिय शकू,

सप्रेम नमस्कार. दिवाळीत आलेल्या तुझ्या पत्राला उत्तर न देता मी वर्ष संपत आणले, याचा राग तू मनात धरला असशीलच. पण गुरुवारी रात्री डॉ. मनमोहन सिंग गेल्याची बातमी ऐकली आणि सर्वांत आधी तू आठवलीस. १९९१च्या जुलैतला त्यांचा अर्थसंकल्प आपण तुमच्या इतवारीच्या घरी ऐकला आणि पुढे कितीतरी आठवडे एकमेकींशी धड बोललो नाही, हे आज दुसऱ्या कोणाला सांगून कळणार नाही. माझा रक्तदाब आटोक्यात आहे, यांचा खोकला थंडीमुळे रेंगाळला आहे, बाकी क्षेम.

लिहायला बसण्याचे खरे कारण मात्र निराळे आहे. शेजारची मृण्मयी राज्यसेवेची तयारी करते आहे. तिने मागच्या आठवड्यात कोरा कागद पुढे केला आणि म्हणाली, ‘मावशी, शासनाने काय करावे याविषयी काँग्रेस आणि भाजप यांच्या भूमिकांतला फरक मला दोन रकान्यांत लिहून द्या.’ जन्मभर हाच विषय शिकवला असल्याने मी लगेच लिहायला घेतले.

काँग्रेसचा डावा रकाना भराभर भरला. १९५५चे आवडी अधिवेशन आणि समाजवादी धर्तीची समाजरचना, १९५६ साली आयुर्विम्याचे राष्ट्रीयीकरण, मग जानेवारी १९५९ मध्ये आपल्याच गावी भरलेले अधिवेशन आणि संयुक्त सहकारी शेतीचा ठराव. बाबा त्या अधिवेशनात स्वयंसेवक होते आणि तो बिल्ला त्यांनी शेवटपर्यंत जपला, हे तू जाणतेस. त्याच ठरावाला चरणसिंग यांनी भर अधिवेशनात विरोध केला आणि त्याच वर्षी राजाजींनी ‘स्वतंत्र’ नावाचा पक्ष काढला, हेही मी तिला सांगितले. पुढे १९६९ साली चौदा बँका सरकारने ताब्यात घेतल्या, तेव्हा भाजपचा पूर्वावतार असलेल्या जनसंघाने विरोध केला आणि तुझ्या अण्णांनी दुकानात बाबांना सुनावले, ‘आज बँक घेतली, उद्या माझा गज आणि कात्री घ्याल.’ अण्णा मात्र त्या दिवशीही बाबांना चहा पाजल्याशिवाय सोडणार नव्हते. आपल्या दोन्ही घरांचे एकमत फक्त तर्री पोह्यांवर होते आणि त्यातही तर्री किती घ्यावी यावर नव्हतेच.

भाजपचा उजवा रकाना लिहिताना पेन अडखळू लागले. व्यापारात सरकारने हात घालू नये, परवान्यांचा जाच नको, खासगी मालमत्ता सुरक्षित राहावी, इथपर्यंत अण्णांचे म्हणणे सरळ उतरले. पण दीनदयाळ उपाध्यायांनी १९६५ साली एकात्म मानववाद मांडताना भांडवलशाही आणि सरकारी समाजवाद या दोहोंनाही नाकारले होते, ते कोणत्या ओळीत बसवायचे? १९८० साली भाजप स्थापन झाला, तो गांधीवादी समाजवादाचे नाव घेऊन. १९९१ साली परवानापद्धती मोडली ती काँग्रेसने, आणि पंतप्रधान होते नरसिंह राव, ज्यांना आपल्या रामटेकने दोनदा लोकसभेत पाठवले होते. त्याच वर्षी या धोरणाला विरोध करण्यासाठी संघ परिवारातल्या स्वदेशी जागरण मंचाची स्थापना झाली, तीही नागपुरातच. म्हणजे त्या संध्याकाळी तुमच्या घरी अण्णा परवाने सुटले म्हणून खूश, दिलीप परदेशी कंपन्या येणार म्हणून संतापलेला, मी बाबांच्या ठरावाला तिलांजली मिळाली म्हणून रडवेली, आणि तू ‘मनमोहन सिंगांनी अण्णांचेच ऐकले’ असे म्हणून मला आणखी चिडवत होतीस. पुढे वाजपेयींच्या काळात निर्गुंतवणुकीसाठी स्वतंत्र मंत्रालय झाले, तेव्हा त्या धोरणावर कडाडून टीका करणाऱ्यांत संघ परिवारातल्याच भारतीय मजदूर संघाचे दत्तोपंत ठेंगडी होते. मृण्मयीला मी हे सगळे सांगितले, तेव्हा ती म्हणाली, ‘मावशी, मग फरक कुठे आहे?’ या प्रश्नाने मला झोप लागू दिलेली नाही.

फरक आहे, असे मी तिला ठामपणे सांगितले, आणि तुला तेच नीट मांडून दाखवायचे आहे, कारण यातली खोट काढील तर तूच. सरकार मोठे असावे की लहान, हा या दोन पक्षांतला आजचा वाद नाही. काँग्रेसने २००४ ते २०१४ या दशकात जे केले, त्यातले उत्तम काम कायद्याच्या रूपाने केले: २००५ साली माहितीचा अधिकार आणि रोजगार हमी, २००६ साली वनहक्क, २००९ साली शिक्षणहक्क, २०१३ साली अन्नसुरक्षा. यामागची भूमिका अशी, की सरकारने काय द्यायचे ते कायद्यात लिहून ठेवावे आणि न दिल्यास नागरिकाला जाब विचारता यावा. भाजपची भूमिका अशी, की सरकारने धंदा करू नये, एअर इंडिया विकून मोकळे व्हावे, परंतु गरिबाच्या घरात गॅस, बँकेत खाते, आजारपणात पाच लाखांपर्यंतचे संरक्षण आणि शेतकऱ्याच्या खात्यात वर्षाला सहा हजार रुपये थेट पोहोचवावेत. पहिली भूमिका मागण्याचा अधिकार देते आणि पोहोचवण्यात कमी पडते. दुसरी पोहोचवते, पण मागण्याचा अधिकार हातात ठेवत नाही. दिल्लीहून निघालेल्या रुपयातले पंधरा पैसेच खाली पोहोचतात, असे राजीव गांधींनीच १९८५ साली म्हटले होते, हे वाक्य तू माझ्या तोंडावर किती वेळा फेकलेस! त्यात तथ्य आहे, म्हणूनच ते मला झोंबत असे.

पण कायद्याचे मोल काय, याचा एक दाखला तुझ्याच पक्षाने, भाजपने, दिला. २०१५च्या फेब्रुवारीत पंतप्रधान मोदींनी लोकसभेत रोजगार हमीला काँग्रेसच्या अपयशाचे जिवंत स्मारक म्हटले, तरी ती योजना चालू राहिली, आणि २०२०च्या टाळेबंदीत गावी परतलेल्या मजुरांसाठी त्यांच्याच सरकारने तिला चाळीस हजार कोटी रुपये जास्तीचे दिले. कायदा असला, की तो नको असलेल्यालाही संसदेत उभे राहून, सर्वांसमक्ष, तो बदलावा लागतो. योजना मात्र एका शासन निर्णयाने सुरू होते आणि एका शासन निर्णयाने थांबते.

आपल्या महाराष्ट्राला हे फार आधी कळले होते, शकू. १९७२च्या दुष्काळात रस्त्याच्या कामावर खडी फोडणाऱ्या बाया आपण दोघींनी पाहिल्या. त्यांच्या तळहातांवर बांधलेल्या चिंध्या मला अजून दिसतात. वि. स. पागे यांनी रोजगार हमीची जी कल्पना मांडली, तिचा १९७७ साली कायदा झाला: काम मागितल्यापासून पंधरा दिवसांत काम द्या, नाहीतर बेकारभत्ता द्या. त्यासाठी शहरातल्या नोकरदारांवर व्यवसाय कर बसवला, तो माझ्याही पगारातून दरमहा कापला जाई, आणि पगारपत्रकावरची तेवढी एक कपात मी आनंदाने पाहत असे. त्या कायद्यावर बाबा आणि अण्णा या दोघांनी एकमेकांशी वाद घातला नाही. कामाशिवाय पैसा नाही म्हणून अण्णांना तो पटला आणि मागणाऱ्याला मान आहे म्हणून बाबांना.

आता माझी काळजी सांगते. आमच्याकडे पोळ्या करायला येणाऱ्या सुनंदाबाईंनी परवा कणकेचे हात पुसून पिशवीतून पासबुक काढले आणि ओट्यावर उघडून ठेवले. ऑगस्टपासून लाडक्या बहिणीचे पैसे जमा झाल्याच्या नोंदी त्यांनी एकेका ओळीवर बोट ठेवून मला दाखवल्या. त्या पैशांतून त्यांनी मुलीच्या टायपिंगच्या वर्गाची फी भरली, आणि नवऱ्याला न विचारता भरली, याचा त्यांना झालेला आनंद मी कधी विसरणार नाही. तेव्हा या पैशांना कोणी रेवडी म्हटले, तर मी त्याच्याशी भांडेन. पण पुढे त्यांनी विचारले, ‘ताई, हे बंद पडले तर कोणाकडे मागायचे?’ शकू, याला उत्तर नाही. तलाठ्याकडे नाही, तहसीलदाराकडे नाही, न्यायालयात तर नाहीच.

आणि या विधानसभा निवडणुकीत माझ्या बाजूने काय केले? सत्तेवरची महायुती म्हणाली, दीड हजारांचे एकवीसशे करू, तर काँग्रेस ज्यात आहे ती महाविकास आघाडी म्हणाली, तीन हजार देऊ. ज्या पक्षाने हक्काचे कायदे केले, त्या पक्षाने आकडा वाढवला, पण ‘आम्ही याचा कायदा करू, म्हणजे सरकार बदलले तरी तुमचे पैसे कोणी थांबवणार नाही’ हे मुख्य म्हणणे मांडले नाही. २०१९ साली वर्षाला बहात्तर हजारांचे वचन देताना तरी त्यांनी त्याला न्याय असे नाव दिले होते. आता दोन्हीकडे फक्त रक्कम उरली आहे. मृण्मयीला फरक दिसत नाही, याचा दोष मी तिला कसा देऊ?

तू म्हणशील, एम्प्रेस मिल विसरलीस काय. नाही विसरले. १९८६ साली सरकारने ती बुडती गिरणी ताब्यात घेतली, तेव्हा तू म्हणालीस की सरकारला गिरणी चालवता येणार नाही, आणि २००२ साली ती बंद पडली. तुझे म्हणणे अर्धे खरे ठरले. उरलेले अर्धे असे, की तेवढ्या वर्षांत गिरणीत कामाला असलेल्या काकांच्या दोन्ही मुली शिकून नोकरीला लागल्या. सरकारने गिरणी चालवावी, असा माझा आग्रह आज नाही. गिरणी बुडाली तर कामगाराने कोणाकडे जायचे, हे सरकारने आधीच लिहून ठेवावे, एवढाच आहे. यावर तुझा आक्षेप काय, ते मला खरोखर ऐकायचे आहे. तुझ्या पक्षाने निदान आजारपणातल्या पाच लाखांच्या संरक्षणाचा, आयुष्मानचा, कायदा करावा, असे तुला वाटते का? आणि वाटत नसेल, तर सुनंदाबाईंना मी काय सांगावे?

तुझ्या गुडघ्याची शस्त्रक्रिया नीट झाली, हे दिलीपकडून कळले. नातवाचे नाव काय ठेवले, तेवढे कळव. फेब्रुवारीत लग्नाला येशील तेव्हा उतरायचे माझ्याकडेच, इतवारीत नाही.

उत्तर पत्रानेच दे. फोनवर तू मला बोलू देत नाहीस.

तुझी,
कुमुद