पंधरा ऑगस्टचा झेंडा आणि द्रमुक

मा. संपादक,
स. न.

राज्यांच्या अधिकारांचा विषय निघाला की आपल्या पत्रव्यवहारात हमखास कुणीतरी तमिळनाडूतल्या द्रमुक पक्षाला ‘फुटीर’ म्हणून मोकळे होते. मी काही त्या पक्षाचा माणूस नाही. पण हळदीच्या अडतीत उभा जन्म गेला, तिकडच्या ईरोडच्या हळद व्यापाऱ्यांशी घरोबा झाला, म्हणून राहवत नाही.

द्रमुकची वेगळ्या देशाची मूळ मागणी फुटीर होती, हे खरेच आहे. आपल्याकडे शेतकरी जी ‘सेलम’ हळद लावतात, त्या सेलममध्येच १९४४ साली जस्टिस पक्षाचे नाव बदलून द्रविडर कळघम झाले. त्याचे नेते पेरियार मूळ ईरोडचे. त्यांच्यापासून फुटून अण्णादुराईंनी १७ सप्टेंबर १९४९ रोजी मद्रासमध्ये द्रमुक स्थापन केला, तोही द्रविडनाडू या दक्षिणेतल्या वेगळ्या देशासाठीच. १९६२ मध्ये राज्यसभेतल्या पहिल्याच भाषणात अण्णादुराईंनी ती मागणी उघड मांडली आणि सभागृहाने ती ऐकून घेतली. त्याच वर्षी चीनने हल्ला केल्यावर त्यांनी ती बाजूला ठेवून सरकारला पाठिंबा दिला. १९६३ मध्ये सोळावी घटनादुरुस्ती आली, देशाच्या अखंडतेची शपथ उमेदवारांना बंधनकारक झाली आणि पक्षाने वेगळ्या देशाचा विषय कायमचा सोडला. मागणी सोडली तरी तिच्यामागची कारणे कायम आहेत, असे मात्र अण्णादुराई सांगत राहिले. ती कारणेच पुढे स्वायत्ततेच्या मागणीत आली.

१९६७ मध्ये द्रमुकला राज्यात सत्ता मिळाली, अण्णादुराई मुख्यमंत्री झाले. १९६९ च्या फेब्रुवारीत ते गेले. त्यांच्या जागी मुख्यमंत्री झालेल्या करुणानिधींनी त्याच वर्षी केंद्र-राज्य संबंध तपासायला मद्रास उच्च न्यायालयाचे निवृत्त मुख्य न्यायमूर्ती राजमन्नार यांची समिती नेमली. तिचा अहवाल १९७१ मध्ये आला आणि १९७४ च्या एप्रिलमध्ये विधानसभेने स्वायत्ततेचा ठराव केला. सगळे कसे कागदावर, सभागृहात, मतदान घेऊन. तरीही १९७६ मध्ये, आणीबाणीत, ते सरकार बरखास्त झाले.

एका पंधरा ऑगस्टला ईरोडचे एक जुने व्यापारी आमच्या गादीवर बसले होते. हातातले हळकुंड मोडून आतला रंग निरखत होते. टीव्हीवर आपले मुख्यमंत्री झेंडा फडकवत होते. तिकडे बोट दाखवून ते मोडक्या मराठीत म्हणाले, “हे आमच्यामुळे.” मला वाटले, अभिमानापोटी बोलतात. नंतर माहिती काढली तर शब्दन् शब्द खरा. १९७४ पूर्वी राज्यांत स्वातंत्र्यदिनीही राज्यपालच ध्वजारोहण करत. करुणानिधींनी इंदिरा गांधींकडे आग्रह धरला आणि तो मान सगळ्याच मुख्यमंत्र्यांना मिळाला. ज्यांना आपण फुटीर म्हणतो, त्यांनी तिरंगा फडकवण्याचा हक्क मागितला होता.

आपणही दिल्लीशी भांडलेलो आहोत. १९५७ साली, आपला जिल्हा दक्षिण सातारा म्हणून ओळखला जायचा तेव्हा, साताऱ्याने क्रांतिसिंह नाना पाटलांना लोकसभेत पाठवले, ते संयुक्त महाराष्ट्राच्या लाटेवर. त्या मतदारांत माझे वडीलही होते. त्यांना कुणी फुटीर म्हटले असते तर ते आम्ही खपवून घेतले नसते.

राज्य सरकारे बरखास्त करण्याचे ३५६ वे कलम काढून टाका, असे राजमन्नार समितीने सुचवले होते. ते पटत नसेल तर पत्रलेखकांनी त्या शिफारशीवर जरूर लिहावे, मीही उत्तर देईन.

– हळदीचा एक अडत्या, मार्केट यार्ड, सांगली