माग थांबवणाऱ्या अण्णांना

अण्णा, नमस्कार.

आभार मानायला समोर आलो की तुम्ही "त्यात काय एवढं सर" म्हणून विषय चहावर नेता, म्हणून लिहूनच टाकतो. नाव घालत नाही. घातलं तर पुढच्या वेळी चहाही मिळायचा नाही. सोलापूरच्या साखर पेठेत ज्यांना कळायचं त्यांना कळेलच.

आधी थोडं मागचं. सहा महिने मी एका डबीच्या मागे होतो. माझ्याकडचा हॅम रेडिओचा, म्हणजे हौशी बिनतारी संदेशांचा, सेट वरच्या पट्ट्यांवर छान चालतो, पण १३६ किलोहर्ट्झवर बहिरा. जगभरच्या हौशी लोकांसाठी हा पट्टा २००७ साली खुला ठरला, १३५.७ ते १३७.८, जेमतेम दोन किलोहर्ट्झची बोळ. पण तिथली एक लाट जवळजवळ सव्वादोन किलोमीटर लांब! ती ऐकायची तर सेटच्या आधी ट्रान्सव्हर्टर लागतो, तीच ही डबी. १० मेगाहर्ट्झचा क्रिस्टल, दोन लहरी मिसळणारा एक मिक्सर, फिल्टर. आलेल्या १३६ मध्ये दहा मेगाहर्ट्झ मिळवायचे आणि सेटवर १०.१३६ ला ऐकायचं. तुम्हाला हे सांगितलं तेव्हा तुम्ही विचारलंत, "म्हणजे जाड सूत बारीक मागावर चढवायचं?" अण्णा, विज्ञान शिकवण्यात माझी अठ्ठावीस वर्षं गेली, मला ही उपमा सुचली नव्हती.

डबी झाली. १०.६०२ वर लावली की आकाशवाणी सोलापूर खणखणीत, म्हणजे ६०२ मध्ये दहा बरोबर मिळत होते. पण १०.१३६ वर नुसती घरघर. रात्री साडेनऊला सुरू व्हायची ती पहाटेपर्यंत. आलेल्या लहरीचा जोर दाखवणारी सेटची सुई नवाच्या खाली यायची नाही.

मग मी लोकांकडे गेलो. या छंदातले एक बुजुर्ग आहेत, त्यांनी डबी न बघताच फोनवर निकाल दिला, की तुमचा मिक्सरच चुकलाय, हे घरगुती उद्योग सोडा, विकतची आणा. एका कार्यालयात तीन खेपा घातल्या, विजेच्या कुठल्या तरी खांबावर काहीतरी सैल असेल म्हणून. तिथल्या साहेबांनी अर्ज वाचला आणि शेजारच्या टेबलाला ऐकू जाईल असं विचारलं, "रेडिओ ऐकू येत नाही ही तक्रार आहे? मोबाईल नाही का तुमच्याकडे?" टेबल हसलं. वायरमन येणार होता, तो अजून येतोय. आमच्याच गल्लीतल्या एकाने तर मी गच्चीवर तार ओढली म्हणून त्याचा टीव्ही बिघडला, असं चार घरी सांगितलं. त्याचा टीव्ही डिशवर आहे.

म्हणून तुमच्याकडे आलो तेव्हा मी आधीच चिडलेला होतो. तुमच्या टॉवेलच्या कारखान्यातले नवे जॅकार्ड, म्हणजे मागावरची नक्षी विणणारी यंत्रं, इलेक्ट्रॉनिक, त्यांचे पॉवर सप्लाय हीच ती घरघर, असं मी मनाशी ठरवूनच आलो होतो. माझा सूरही तसाच असणार. तुम्ही ऐकून घेतलंत, कपाळावरचं सूत पुसलंत आणि म्हणालात, "रात्री दहाला या की. बंद करून बघू."

चालता माग मध्येच थांबवला की काय होतं ते मला माहीत नव्हतं. पुन्हा सुरू करताना कापडावर आडवी रेघ उमटते, तो टॉवेल पहिल्या दर्जात जात नाही. कामगारांची मजुरी नगावर. हे मला नंतर तुमच्या मुकादमांनी सांगितलं. तुम्ही नाही.

दहाला मी बॅटरी, सेट, लॅपटॉप घेऊन तुमच्या दाराशी बसलो. एकेक करत आठही माग थांबले. रोज त्या आवाजाशेजारी राहतो मी, तो थांबल्यावर कानात काहीतरी पडल्यासारखं झालं. मग तुम्ही मेन स्विच खाली ओढलात. अंधार. कामगार बाहेर आले, एक जण तेलुगूत काहीतरी बोलला, दुसरा हसला. आणि तुम्ही ओठावर बोट ठेवून त्यांना गप्प केलंत. स्वतःच्या खिशातला मोबाईलही बंद केलात. मग माझ्याजवळ वाकून, अगदी कुजबुजत विचारलंत, "काय ऐकलालाव सर? येतंय का?"

अण्णा, रेडिओला आपलं बोलणं ऐकू जात नाही. तुम्ही ढोल बडवला असतात तरी सुईला फरक पडला नसता. पण मी ते सांगितलं नाही. सहा महिन्यांत माझ्या ऐकण्यासाठी कोणी आवाज खाली केला नव्हता. बाकीचे माझ्यावर हसताना मोठ्यानेच हसले होते.

सुई नवावरच. लॅपटॉपवरची घरघरीची रेघ तशीच. आठ माग बंद, दिवे बंद, आणि घरघर जशीच्या तशी. मी मान वर केली नाही. तुम्ही घड्याळ बघाल, निदान "बघा, आमचं नव्हतं" तरी म्हणाल, असं वाटलं. तुम्ही म्हणालात, "अजून पाच मिनिटं थांबवतो. घाई करू नका, नीट ऐका."

त्या पाच मिनिटांत मी घरी फोन केला आणि बायकोला मेन स्विच बंद करायला सांगितलं. सुई नवावरून तिनावर आली.

जिन्याखाली मुलाची इलेक्ट्रिक स्कूटर. रोज साडेनऊला चार्जिंगला. असल्या चार्जरमधलं स्विचिंग पुष्कळदा पासष्ट किलोहर्ट्झच्या आसपास चालतं, त्याची दुप्पट, एकशेतीस, माझ्या १३६ च्या उंबऱ्याशीच येऊन बसते. चोर घरात, आणि मी पंचनामा करत होतो पेठेचा. आता स्कूटर सकाळी चार्ज होते, आणि त्या वायरीवर घरघर अडवणारं फेराइटचं कडं घातलंय.

आणखी एक कबुली. आठवड्याची सुट्टी असते तुमच्या कारखान्याला. त्या रात्री ऐकलं असतं तर आठ माग थांबवायची गरजच नव्हती. हे मला दोन दिवसांनी, आंघोळ करताना सुचलं. तुम्हाला ते तेव्हाच सुचलं असणार, अण्णा. "सुट्टीला बघा की सर" एवढं म्हणून मला वाटेला लावता आलं असतं. का नाही म्हणालात, ते विचारणार नाही.

तुम्ही विचारता, आता काय ऐकू येतं? खरं सांगायचं तर लांबचं स्टेशन अजून नाही. प्रक्षेपणाची बाजू डमी लोडवर, म्हणजे तारेऐवजी नुसता रोध जोडून, तपासून ठेवलीय, हवेत काही सोडलेलं नाही. पण परवा वळीव यायच्या आधी, आभाळ कोरडं होतं तेव्हा, १०.१३६ वर कडकड सुरू झाली. कुठे तरी लांब वीज पडत होती. खाली घरघर नव्हती म्हणून एकेक वेगळी ऐकू आली. अर्ध्या तासाने आपल्याकडे वारं सुटलं.

मुकादमांकडून तो रेघ पडलेला टॉवेल मी मागून घेतला. ते पैसे घेईनात. टेबलावर पसरलाय, त्यावर डबी ठेवलीय. रेघ बरोबर क्रिस्टलच्या खालून जाते.

रविवारी संध्याकाळी या. हेडफोन दोन आहेत.

तुमचा,
गच्चीवर तार ओढणारा सर