लॅमिंग्टन रोडवरच्या काकांना, माझ्या पेंटियम फोरतर्फे थँक्यू

काका नमस्कार,

तुमचं नाव आणि दुकान इथे मुद्दाम टाकत नाहीये, नाहीतर उद्या अर्धी डोंबिवली जुने डबे घेऊन ग्रँट रोडला उतरेल आणि शिव्या मला पडतील. पण माझा जुना पेंटियम फोर कॉम्प्युटर जुन्या गेमसाठी पुन्हा उभा केलात, त्याबद्दल थँक्यू जाहीरच म्हणायचं होतं.

तुमच्याआधी ज्याला ज्याला हा डबा दुरुस्त करायचं विचारलं तो एकच बोलला, भंगारात टाक आणि नवीन घे. अरे पण नवीन आहे ना घरी! त्यावर माझ्या गेमच्या जुन्या ओरिजिनल सीड्या चालत नाहीत हाच तर प्रॉब्लेम आहे. त्यातल्या बऱ्याच सीड्यांवर सेफडिस्क नावाचं कॉपी प्रोटेक्शन आहे आणि विंडोज 10 पासून मायक्रोसॉफ्टने त्याचा ड्रायव्हरच (ते चालवणारं छोटं सॉफ्टवेअर) काढून टाकलाय, म्हणजे पैसे देऊन घेतलेली सीडी हातात आणि गेम काही उघडत नाही. जुन्या विंडोज एक्सपीवर मात्र गुमान चालतात. हे सगळं मी सांगायच्या आधीच तुम्ही विचारलंत, "खेळायचंय काय ते सांग आधी." बाकी सगळे बजेट विचारत होते.

मी म्हटलं आयजीआय, एज ऑफ एम्पायर्स टू आणि व्हाइस सिटी. म्हणजे 1999 ते 2003 मधला माल. तुम्ही म्हणालात मग मोठं ग्राफिक्स कार्ड कशाला घेतोस, एफएक्स 5200 पुरे, पंखा पण नसतो बऱ्याच कार्डांना, आवाज नाही की धूळ नाही. आणि मी कुणाकडून तरी आणलेलं ते फुकटचं एजीपी (जुन्या पद्धतीच्या स्लॉटचं) ग्राफिक्स कार्ड तुम्ही ट्यूबलाइटखाली उलटंसुलटं करून बघितलंत आणि सरळ बाजूला ठेवलंत. माझा मदरबोर्ड इंटेल 845जी चिपसेटचा, त्याचा कार्डाचा स्लॉट फक्त 1.5 व्होल्टचा. कार्ड निघालं 3.3 व्होल्टचं. त्यात त्याला दोन्ही व्होल्टेजच्या खाचा, म्हणजे स्लॉटमध्ये ते आरामात बसलं असतं आणि बोर्ड गेला असता. अशी चुकीच्या खाचांची स्वस्त कार्डं त्या काळात खरंच यायची हे मला तुमच्याकडूनच कळलं.

मग ते कॅपॅसिटर, म्हणजे बोर्डावरचे वीज साठवणारे छोटे डबे. मी आपला रॅम रॅम करत होतो (256 एमबी, त्यातली थोडी ऑनबोर्ड ग्राफिक्स खायची) आणि तुम्ही टॉर्च मारून प्रोसेसरशेजारचे टम्म फुगलेले कॅपॅसिटर दाखवलेत, म्हणालात गेम चालू असताना कॉम्प्युटर मधेच रिस्टार्ट होतो तो यांच्यामुळे, आधी हे बदलू मग रॅमचं बघू. 2000 नंतरच्या काही वर्षांत असे खराब कॅपॅसिटर जगभरच्या बोर्डांवर बसले होते, त्यामुळे माझं नशीब काही खास फुटकं नव्हतं म्हणायचं. 6.3 व्होल्ट, 1500 मायक्रोफॅरडचे, 105 डिग्रीवाले नवे लावलेत, बोर्डाची सेटिंग्ज लक्षात ठेवणारा सीमॉसचा सेल टाकलात, प्रोसेसरवरची, उष्णता बाहेर नेणारी, वाळून खडू झालेली पेस्ट खरवडून नवी लावलीत, एसएमपीएस (पॉवर सप्लाय) मीटर लावून तपासलात. रॅमचा नंबर शेवटी आला, 512 एमबीच्या दोन डीडीआर रॅमच्या काड्या. त्या पण जुन्याच पण टेस्ट करून दिलेल्या.

हार्ड डिस्कच्या जागी कन्व्हर्टर लावून 120 जीबीची एसएसडी टाकायची आयडिया तर कमालच. माझ्याकडची एक्सपीची सीडी सर्व्हिस पॅकच्या (मायक्रोसॉफ्टच्या नंतरच्या सुधारणांच्या) आधीची, तिला 137 जीबीच्या पुढचं दिसतच नाही, म्हणून तुम्ही मोठी घेऊच दिली नाहीत. दुकानदार असून गिऱ्हाइकाला कमी पैशाची वस्तू घ्यायला लावता, कसं चालतं तुमचं देव जाणे!

आता व्हाइस सिटी मस्त चालतोय. तुम्ही सांगितलं तसं गेममधला फ्रेम लिमिटर (सेकंदाला किती चित्रं दिसतील याची मर्यादा) चालूच ठेवलाय, पोरगा स्पीड वाढेल म्हणून सारखा बंद करतो आणि मग गाड्या विचित्र वळतात, मग बोंबलत माझ्याकडे येतो. बायकोचं म्हणणं एवढ्या पैशात मिक्सर आला असता. असो.

एकच राहिलंय. माझा 17 इंची एलसीडी 1280 बाय 1024 चा, त्यावर 800 बाय 600 चा गेम ताणलेला आणि धुरकट दिसतो. तुम्ही म्हणाला होतात माळ्यावर एखादा सीआरटी (जुना, जड डब्बा मॉनिटर) असेल. मिळाला तर एक मिस कॉल द्या, दादरला बदलून लोकलने तो काही आणता यायचा नाही, टेम्पो मी करतो. आणि प्लीज यावेळी मजुरी नीट लावा.

तुमचा,
डोंबिवलीचा पेंटियमवाला