गावभागातल्या आमच्या वायरमन दादांना

दादा,
स. न. वि. वि.

तुमचं नाव इथे लिहीत नाही, तुम्हाला ते आवडणार नाही. पण गल्लीतल्या प्रत्येकाला हे पत्र कुणासाठी आहे ते पहिल्या ओळीतच कळेल.

ऑगस्ट २०१९ मध्ये सांगलीच्या आयर्विन पुलाजवळ कृष्णा ५७ फुटांवर गेली. धोक्याची पातळी ४५ फूट. आपल्याकडच्या जुन्या घरांच्या भिंतींवर २००५ च्या पुराच्या खुणा होत्या, आणि पाणी फार तर तिथवर येईल या भरवशावर कितीतरी जणांनी सामान माळ्यावर टाकून घर सोडलं. पाणी त्या खुणाही ओलांडून गेलं.

पूर ओसरल्यावर सांगलीला मदत पुष्कळ आली. बाहेरगावचे सफाई कामगार आले, कॉलेजची मुलं आली, कपडे-धान्याचे ट्रक आले. त्यांचे उपकार कधीच फिटणार नाहीत. पण गाळ उपसून, भिंती धुऊन झाल्या तरी दिवेलागणीला आपली गल्ली ओस पडायची. ओल्या, अंधाऱ्या घरात लहान पोरं आणि म्हातारी माणसं घेऊन राहणार कोण? जो तो दिवसभर घासायचा आणि संध्याकाळी कुलूप लावून विश्रामबागेला किंवा मिरजेला नातेवाइकांकडे जायचा. कोण कुठे आहे, कुणाचं काय गेलं, हे शेजाऱ्याला शेजाऱ्याचं माहीत नव्हतं.

तेव्हा तुमच्या मागे सगळेच लागले होते. दुप्पट पैसे देतो, आधी आमच्याकडे या, असं म्हणणारेही होते. तुम्ही सगळ्यांना चौकात उभं करून सांगितलंत, ‘ज्यांना करायला कुणी नाही, त्यांचं घर आधी. मग ओळीनं. आणि मी एकटा पुरणार नाही, प्रत्येक घरातून एक माणूस द्या.’

हे ऐकून काहीजण चिडले होते. मला मात्र आजही वाटतं, गल्ली पुन्हा उभी राहिली ती त्या वाक्यानंतर.

पहिलं घर टोकाच्या एकट्या आजींचं. बोर्ड उघडला तर आत गाळ घट्ट बसलेला. तुम्ही स्विच, सॉकेट सगळं काढून टाकायला लावलंत, पेट्या धुऊन उन्हात ठेवल्यात, भिंतीतल्या पाइपांतलं पाणी काढलंत, जुन्या वायरी ओढून नव्या घातल्यात. ‘वरून सुकलंय’ म्हणून कुणी मेन चालू करायला गेलं की तुमचा आवाज चढायचा. मेगर, म्हणजे वायरींतून वीज गळते का ते दाखवणारं यंत्र, लावून वायरिंग तपासल्याशिवाय, अर्थिंग बघितल्याशिवाय तुम्ही एकाही घरात वीज सुरू करू दिली नाहीत. आपल्या गल्लीत पूर ओसरल्यावर कुणाला शॉक लागला नाही, तो तुमच्या या हट्टामुळे.

आणि या कामात माणसं एकमेकांच्या घरात शिरली. वर्षानुवर्षं भिंतीला भिंत लागून राहणारी, बोलणं सोडलेली दोन घरं मी पाहिली. एकाचा मुलगा दुसऱ्याच्या माजघरात शिडी धरून उभा होता. देवळाच्या ओवरीत तुम्ही एक सुरक्षित बोर्ड काढून दिलात, तिथे मोबाइल चार्ज करायला सगळे जमायचे. बायकांनी तिथेच एकत्र चूल मांडली. कुणाचा पंचनामा झाला, कुणाची कागदपत्रं भिजली, हे तिथे कळायचं आणि लगेच कुणीतरी सोबत जायला निघायचं. २ सप्टेंबरला गणपती बसले तेव्हा मंडळाने सजावटीचे पैसे नव्या वायरी आणि ईएलसीबीसाठी (वीज गळली की पुरवठा आपोआप तोडणाऱ्या स्विचसाठी) दिले. ज्यांना परवडत नव्हतं त्यांच्याकडेही ईएलसीबी बसले.

बोर्ड तुम्ही सगळीकडे उंचावर घेतलेत. ‘हात पुरत नाही’ म्हणून कुरकुर झाली. जुलै २०२१ मध्ये पाणी पुन्हा ५० फुटांच्या वर गेलं, तेव्हा ती थांबली. त्या वेळी तर कुणाला सांगावंही लागलं नाही. पोरांनी आधी टोकाच्या आजींना हलवलं, मग तळमजल्यावरचे फ्रिज वर चढवले, घरोघरी जाऊन मेन बंद केले आणि मगच आपापल्या घराकडे पाहिलं.

दादा, तुम्ही स्वतः पूरग्रस्त होतात. तुमचं दुकान, हत्यारं, मालाची खोकी, सगळं पाण्यात गेलं होतं. आमच्याकडून फक्त मालाचे पैसे घेतलेत, मजुरीचा विषय निघाला की उठून जायचात. गल्लीने आता ठरवलंय, येत्या पावसाळ्याआधी सगळ्या घरांचं वायरिंग तुमच्याकडूनच तपासून घ्यायचं आणि मजुरी आधी मोजून द्यायची. या वेळी नाही म्हणू नका. वहिनींशी आमचं बोलणं झालंय.

तुमचे मनापासून आभार.

आपली,
गल्लीतली एक शेजारीण