आयुषमंत्री महोदय, त्या ट्यूबमध्ये काय होतं?

मा. आयुषमंत्री, भारत सरकार यांस,
स.न.वि.वि.

पत्रास कारण, परवा हातात पडलेला तपासणी अहवाल. मला जुनाट इसब आहे. 'शंभर टक्के आयुर्वेदिक' म्हणून जे मलम मी लावत होते, त्यात क्लोबेटासोल निघालं. ट्यूबवर नावं फक्त खदिर, मंजिष्ठा आणि करंज या वनस्पतींची. कातडीवर लावायच्या स्टेरॉइडांमधलं क्लोबेटासोल हे सर्वांत जहाल. डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय ते विकायचं नाही, हा नियम तुमच्याच सरकारचा आहे ना?

मलम लावलं की खाज बंद, थांबवलं की दुपटीने उसळणार. कोपराच्या खोबणीतली कातडी एवढी पातळ झाली आहे की आतल्या लाल शिरा दिसतात. रात्री पोटरी चादरीला चिकटते. सकाळी पाण्याने भिजवून सोडवावी लागते. बोटांच्या पेरांना भेगा पडल्यात, नखं मुलगी कापून देते. समोरचा माणूस माझे हात बघून आपला हात मागे घेतो. इसब संसर्गाने होत नाही, हे किती जणांना सांगत बसू?

माझा राग आयुर्वेदावर नाही, हे नीट ऐका. ज्या वैद्यांनी विचर्चिका (इसबाचं आयुर्वेदातलं नाव) म्हणून निदान केलं, त्यांनी आधी पथ्य लावलं, मग स्नेहपान म्हणजे औषधी तूप पिणं, विरेचन म्हणजे औषधाने जुलाब, चिघळलेल्या चट्ट्यांवर जळवा. फार वेळ लागला, पण स्राव आटला, झोप लागायला लागली. असे वैद्य आयुष्यभर राबून जे नाव कमावतात, तेच नाव ट्यूबवर छापून हे लोक स्टेरॉइड विकतात. आणि तुमचं मंत्रालय कोणाच्या पाठीशी उभं राहिलं?

2018 मध्ये केंद्राच्या औषध नियमांत नियम 170 आला. आयुर्वेदिक औषधाची जाहिरात करण्याआधी राज्याच्या परवाना अधिकाऱ्याची मंजुरी हवी, एवढंच त्यात होतं. ऑगस्ट 2023 मध्ये मंत्रालयाने राज्यांना कळवलं की या नियमाखाली कारवाई करू नका. 1 जुलै 2024 ला नियमच वगळल्याची अधिसूचना काढली. सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्टमध्ये स्थगिती दिली, पण 2025 मध्ये ते प्रकरणही निकाली निघालं. कंपन्यांची अडचण तुम्हाला इतक्या लवकर कळली. आमची कधी कळणार?

तक्रार घेऊन गेले तर एका कार्यालयात ऐकवलं, उत्पादक परराज्यातला आहे. दुसरीकडे म्हणाले, फोडलेली ट्यूब नमुना म्हणून चालत नाही. कायदा केंद्राचा, परवाना राज्याचा, जबाबदारी कोणाचीच नाही. या देशात औषध तपासायचं कामही रोग्यानेच पदरमोड करून करायचं का? आयुर्वेद दिन 23 सप्टेंबरलाच साजरा करायचा, हे ठरवायला मात्र सरकारला सवड मिळते.

बाजारातल्या आयुर्वेदिक मलमांचे नमुने उचला, स्टेरॉइडसाठी तपासा आणि निकाल कंपनीच्या नावानिशी जाहीर करा. ज्यांच्या मलमात ते सापडेल त्यांचा परवाना रद्द करा. माझा अहवाल सोबत जोडला आहे. मला पत्राची पोच नको, उत्तर हवं आहे.

आपली,
एक इसबग्रस्त नागरिक